सुमनच्या मिशा

तासगाव,
एप्रिल १९९७

प्रिय सिद्धू,

हे पत्र तुला बेदाण्याच्या डब्याच्या तळाशी सापडेल. डबा मिरज गाडीचा कंडक्टर जोतिबा तुझ्या हातात आणून देईल. पत्र मुद्दाम तळाशी ठेवलंय, म्हणजे वरचा बेदाणा थोडा तरी खाल्ल्याशिवाय ते हाती लागणार नाही. तू म्हणे हल्ली दुधी भोपळ्याच्या पाण्यावर जगतोस. दिवसभर लोकांचे एक्स-रे काढणाऱ्या माणसाला स्वतःची हाडं बाहेरूनच दिसावीत अशी हौस का वाटावी, हे मला कळलेलं नाही. तेव्हा आधी मूठभर खा, मग पुढे वाच. काळे बेदाणे वेगळे काढत बसू नकोस, मी निवडून सगळे काळेच भरलेत.

तुझं कार्ड मिळालं. ‘लिहिणं बंद केलं आहे. मिशी काढली आहे. रविवारी येणार नाही, यापुढेही नाही. भेटायला येऊ नकोस.’ बस, एवढंच. अरे बाबा, असला मजकूर उघड्या कार्डावर लिहितात का? आमच्या पोस्टमनला पत्त्याच्या आधी मजकूर वाचायची सवय. कार्ड देताना तो टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “लय वाईट झालं. वडील, का आई?” तुझ्या मिशीवरून त्याने तुझ्या घरातलं एक माणूस परस्पर उचललं होतं. आमच्या रंगुआक्काने ते ऐकलं. थोरली बहीण असली तरी आई गेल्यापासून आईची सगळी कामं तीच करते, दुसऱ्याच्या दारात जाऊन रडण्याचं धरून. ती आत गेली, लुगडं बदलून, पिशवीत ज्वारीचं पीठ घालून बाहेर आली आणि म्हणाली, “सिद्धूच्या गावची, रहिमतपूरची गाडी किती वाजता हाय?” तिला ओसरीवर बसवून शपथेवर सांगितलं की सिद्धूचे आईवडील ठणठणीत आहेत, कुणी गेलेलं नाही. “मग चांगला धडधाकट माणूस मिशी कशापायी काढंल?” तिने विचारलं. खरं उत्तर असं होतं की तुझ्यातले कथालेखक अस्वल मिरजकर वारले, पण ते नाव मी तिला कसं सांगणार होतो?

आपल्यासारख्या पुरुषांच्या मुंबईच्या बैठकीत काय झालं ते मला विश्वजितच्या पत्रातून कळलं. आपलं ते झेरॉक्स केलेलं पत्रक काढतो म्हणून तो संपादक, नाहीतर तोही एका विमा कंपनीत कारकूनच. तुला बोलावल्याचं त्याला फार वाईट वाटतंय. कुणाच्या तरी फ्लॅटवर गाद्या घालून सगळे जमले होते, म्हणे. बहुतेक पोरं विशीतली, व्यायामशाळेत जाणारी, अंगात धाकट्या भावाचे वाटावेत असे टी-शर्ट. दार उघडणाऱ्याने तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, काका, सिलिंडर मागच्या दाराने. आणि तू, भला माणूस, मागच्या दाराने गेलासही! मग तू गोष्ट वाचायला घेतलीस. तात्या टेम्पोवाला घामाने भिजलेलं बनियन काढतो आणि त्याच्या छातीवरच्या केसांत भुसा अडकलेला असतो, इथवर तू आलास, तेव्हा कुणीतरी म्हणालं की आता त्याला सलूनमध्ये पाठवा, आणि सगळे हसले. विश्वजित लिहितो, तू कागदांची घडी केलीस, पेलाभर पाणी प्यालास, सगळ्यांना जय भीम घातलास आणि निघून आलास. हे वाचून मला इतका राग आला की मी बेदाण्याची भरलेली पाटी लाथेने उडवली आणि नंतर एकट्यानेच वेचत बसलो. बाहेरचं जग हसतं ते मी समजू शकतो, त्याला आपलं काही ठाऊकच नाही. पण ज्यांना स्वतःला दार लावून हळू आवाजात बोलावं लागतं, त्यांनीही पोट आणि केस बघून हसावं? मग आपण जायचं कुठे? गेल्या रविवारी हे तुला तोंडावर सांगायला मिरजेपर्यंत आलो होतो. तुझ्या घराच्या कोपऱ्यावर उसाचा रस पिऊन परत गेलो, कारण तू येऊ नकोस म्हणाला होतास.

आता तुला मिरज स्टेशनची गोष्ट पुन्हा सांगतो. तुला ती पाठ आहे, तरी सांगतो, कारण तू त्यातलं मुद्द्याचं तेवढं विसरलायस. पत्रकात तुझी पहिली गोष्ट वाचून मी विश्वजितमार्फत तुला लिहिलं, तू उलट टपाली उत्तर दिलंस आणि भेटायचं ठरलं. ओळखायची खूण काय, तर तू लिहिलंस, ‘अंगाने भारदस्त, झुपकेदार मिशा, हातावर दाट केस, पांढरा सदरा.’ मुंबईत कुणी अशी खूण दिली असती तर चाललं असतं. सांगली जिल्ह्यात ही खूणच नव्हे, ही जिल्ह्याची खानेसुमारी झाली. त्यातून तो दिवस निघाला कुस्तीच्या मैदानाचा. कोल्हापूरची गाडी लागली आणि डब्याडब्यातून भारदस्त माणसं उतरायला लागली, सगळी मिशांची, सगळी पांढऱ्या सदऱ्यातली. मी गोंधळून गेलो, आणि खोटं कशाला बोलू, थोडा सुखावलोही. शेवटी त्यातल्या सगळ्यात देखण्या माणसापुढे जाऊन उभा राहिलो (या शब्दाचा तुला अजून राग आहे, माहीत आहे) आणि हळूच म्हणालो की मी तासगावचा, आपण माझीच वाट बघताय ना? ते होते केरबा वस्ताद. तासगावहून येणाऱ्या पंचाची वाट बघत होते. “व्हय की! लय वाट बघाय लावलीसा गड्या!” म्हणून त्यांनी मला कडकडून मिठीच मारली. मी विरघळलो. पहिल्याच भेटीत, भर प्लॅटफॉर्मवर, केवढं हे धाडस! म्हटलं लेखक माणूस आहे, निर्भय असणारच. जीपमध्ये घातलं तेव्हाही मला शंका आली नाही. शंका आली ती डोक्याला फेटा बांधून गळ्यात शिट्टी अडकवली तेव्हा.

मी आयुष्यात मेंढ्यांच्या टकरी सोडल्या तर कशाचाच निवाडा केलेला नाही. पहिल्याच कुस्तीत जो खाली होता त्याचाच हात मी विजयी म्हणून वर केला. मैदान खवळलं. वस्ताद धावत आले आणि माझ्या कानात म्हणाले, “आवं पाव्हणं, तुमी नक्की तासगावचंच न्हवं?” पळून जावं म्हणून मी गर्दीकडे पाहिलं तर माती सोडून सगळीकडे नुसत्या मिशाच मिशा, आणि त्या रागावलेल्या मिशांमध्ये एकच माणूस पोट धरून हसत होता. हसता हसता खाली बसला, शेजाऱ्याचा खांदा धरून उठला, परत बसला. माझ्या हातातल्या बेदाण्याच्या पिशवीवरून तू मला स्टेशनवरच ओळखलं होतंस, हाकही मारली होतीस, पण वस्तादांच्या मिठीत मला ती ऐकू आली नाही. मग रिक्षा करून जीपच्या मागे आलास. ते सगळं नंतर कळलं. पण तू कोण हे मला त्या क्षणी कळलं. तुझ्यासारख्या मिशांची हजारभर माणसं होती तिथे, सिद्धू. मी तुला मिशीवरून ओळखलं नाही. हसण्यावरून ओळखलं.

केसांची लाज काय असते ते मला शिकवू नकोस. मी त्या शाळेत तुझ्याआधी होतो. आम्ही मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांमागे फिरणारे. कातरणीचे दिवस आले की मेंढ्या ओढ्यावर धुवायच्या, सावलीला आडव्या पाडायच्या आणि कातरायच्या. माझ्या अंगावर कोवळ्या वयातच असं रान माजलं की कातरणारे बाप्ये मलाच हाक मारायचे, “ये रं नाथा, हितं निज, तुजीबी काढतो.” सगळे हसायचे, मीही हसायचो. मग एक दिवस ओढ्याच्या काठाला बसून मी मेंढ्यांच्या कातरीने छाती भादरली. जिथे तिथे कापलं. आक्काने मला तसा रक्ताळलेला पाहिला, हळद आणली आणि दाबून भरली. मी बोंब मारली तेव्हा एवढंच म्हणाली, “आपुन लोकरीवर जगतोय रं येड्या, आणि तुला लोकरीची लाज?” केस तर आठवड्यात परत आले, आधीपेक्षा राठ. लाज जायला मात्र माझं लग्न व्हावं लागलं.

यमुनेचं तुला मी फारसं सांगितलेलं नाही. तू विचारलं नाहीस, कारण तुला भीती होती की ती खरी आणि तू उरलासुरला. तसं नाही. मला ती फार आवडायची. दुपारी ओसरीवर मला आडवं पाडून लाकडी फणीने ती माझ्या छातीवर भांग पाडायची, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, आणि आक्काला बोलावून विचारायची, कुठला शोभतोय? ती तापाने गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती गेल्यावर माझ्याकडे असं कुणी पाहीलसं वाटलं नव्हतं. मग तुझी गोष्ट वाचली. मला यमुनाही आवडली आणि तूही आवडतोस, दोन्ही पुरतं खरं आहे, आणि यात कुणाच्या वाट्यातून काही कापून दुसऱ्याला दिलेलं नाही. आमच्या घरात माणूस नांदायला आलं की आक्का स्वतः कातलेल्या लोकरीचं, सनगराकडून विणून घेतलेलं घोंगडं त्याच्या खांद्यावर घालते. यमुनेला घातलं होतं. ते तिच्याबरोबरच गेलं.

तुझ्या त्या पहिल्या गोष्टीचं मूळ आठवतं तुला? विश्वजितने पत्रकात छापलं होतं, की अमेरिकेत आपल्यातलीच जाडी, केसाळ, दाढीमिशांची माणसं स्वतःला अस्वल म्हणवून घेतात, त्यांची मंडळं आहेत, मासिकं आहेत, त्यात ती एकमेकांवर गोष्टी लिहितात, आणि त्यांना जाडं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. तू ते वाचून रात्रपाळी संपल्यावर सही ठोकलीस, अस्वल मिरजकर. रहिमतपूरचा तू, पण मिरजकर झालास, का तर रहिमतपूरकर अस्वल आईच्या कानावर गेलं असतं. मला तू म्हणाला होतास, आपल्या गोष्टींतला प्रियकर नेहमी सडपातळ, गोरा, कपाळावर बट आलेला; ज्याच्या शर्टाचं तिसरं बटण जेवल्यावर तुटतं त्याच्यावर कुणी जीव टाकल्याचं मी कुठं वाचलंच नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय. कराडकडच्या एका साखर कारखान्यातल्या माणसाने विश्वजितला लिहिलेलं वाक्य तूच मला दहादा वाचून दाखवलंस, ‘माझ्या पोटाची कुणी आजवर गोष्ट केली नव्हती.’ त्या माणसाला आता काय कळवायचं? की फ्लॅटमधली चार पोरं हसली म्हणून तुझ्या पोटाची गोष्ट बंद?

आता जे सांगतोय ते तुला माहीत नाही. रागवायचं असेल तर रागव, पण पुरतं वाच. पत्रक येतं त्या पाकिटावर ‘द्राक्षबाग सल्ला’ असं लिहीत जा, हे विश्वजितला मीच सुचवलं होतं. त्यामुळे टपाल तर निर्धास्त झालं, पण शेजारचा अर्जुना दर खेपेला दारात हजर, “भुरीच्या रोगावर ह्या बारीला काय मारायचं म्हणत्यात?” मी आत जाऊन पत्रक बघितल्यासारखं करतो आणि मनाला येईल ते सांगतो. गेल्या साली त्याचा माल माझ्यापेक्षा चांगला आला. तर यंदा बेदाण्याच्या शेडवरचा रेडिओ बंद पडला. माल निवडणाऱ्या बायका कंटाळून गेल्या आणि कोपऱ्यात मी तुझी गोष्ट वाचत खुसुखुसु हसताना हरणाबाईने मला पकडलं. ती म्हणाली, “दादा, भुरीत एवढं हसण्यासारखं काय असतंय? आमालाबी वाचा की.” बाळाबाईने पाटी बाजूला सारली, सगळ्या माझ्याकडे तोंड करून बसल्या, आणि मी अडकलो.

मग मी वाचली, सिद्धू. तात्या टेम्पोवाला आणि काट्यावर वजन करणारा किसन यांची गोष्ट. फक्त आयत्या वेळी किसनची सुमन केली. मला वाटलं एक नाव बदललं की भागलं. कसलं भागतंय! दुसऱ्याच पानावर सुमनने भरलेलं पोतं एका हाताने टेम्पोत टाकलं. बाळाबाई म्हणाली, “अगं बया, वाघीण हाय की.” मग सुमन टेम्पोखाली शिरून स्प्रिंगचा पाटा बदलायला लागली, बिडी ओढायला लागली, पैजेवर डझनभर उकडलेली अंडी खाऊन बसली. मी घामाघूम. पण बायका खूश. हात चालेनात म्हणून आक्काने येऊन ओरडावं, तर तीही पाटीवर बसून राहिली. दोन दिवस असं निभावलं आणि तिसऱ्या दिवशी वाचण्याच्या भरात माझ्या तोंडून गेलं, की तात्याने सुमनच्या मिशीवरून हळूच बोट फिरवलं.

मी मनात पत्रक चुलीत घातलं, शेड विकली, आटपाडीला परत गेलो. तेवढ्यात हरणाबाई बेदाणा निवडता निवडता म्हणाली, “असत्यात की. माज्या आत्याला हुत्या. पर बाई लाखात एक.” बाळाबाईला स्वतःची एक चुलती आठवली. तिसरीला शाळेतल्या बाई. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं की मिशा असल्या म्हणून काय झालं, जीव लावणारं माणूस महत्त्वाचं, आणि तात्याला एवढी अक्कल आहे म्हणजे तात्या गुणाचा. दुसऱ्या दिवसापासून बायकांनी सुमनला मिशांसकट पदरात घेतलं. आता शेडवर कुणी जड पोतं उचललं की बाकीच्या म्हणतात, आली बघा सुमन! मुंबईतल्या पोरांना जे झेपलं नाही ते माझ्या शेडवर सरळ गिळलं गेलं, आणि वर चहा मागितला.

अडचण पुढे झाली. तात्या लोकांच्या बोलण्याला कंटाळून टेम्पो विकून निघालाय, सुमन काट्यापाशी उभी आहे, हाक मारावी की नाही या विचारात, आणि तिथे तू गोष्ट तोडलीस. ‘उरलेली पुढील अंकी.’ पुढच्या अंकाला तू मिशी काढून बसलास. बायका रोज विचारतात, “फुडं?” चार दिवस टाळलं, मग मीच शेवट रचला. सुमन धावत जाते, देवळात लग्न होतं, तात्या दुसरा टेम्पो घेतो. हरणाबाईने हातातला बेदाणा पाटीत टाकला आणि म्हणाली, “ह्ये त्या लिवणाऱ्याचं न्हाई. ह्ये तुमचं हाय. त्याला विचारा, तिनं हाक मारली का न्हाई.” बघ, तुला न पाहिलेल्या बाईला तुझा हात ओळखता येतो. तू कुणापुढे घडी घालून कागद खिशात ठेवलेस आणि कोण तुझ्यासाठी पाट्या अडवून बसलंय, हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ. मग पाहिजे तर पी दुधीचं पाणी.

मी हे सगळं लिहिलं खरं, पण पत्र यासाठी नाही. परवा बायका घरी गेल्यावर आक्का पाटीपाशी बसून राहिली. बराच वेळ काळे बेदाणे वेगळे काढत होती. मग खाली बघूनच म्हणाली, “नाथा, ती सुमन बशीतल्या च्याला फुंकर मारती, मग कानाला लावून बशी ऐकती, मग पिती. काळंच बेदाणं निवडून खाती. हसली की पोट धरून खाली बसती. असलं माणूस मी एकच बघितलंय.” आणि पुढे म्हणाली, “दर रविवारी आपल्याकडं जेवाय येतंय.” सिद्धू, तुला आठवतं, पहिल्या दिवशी तू दारातच आपलं पूर्ण नाव, गाव, आळी सांगून टाकली होतीस, पुढे घोळ नको म्हणून, आणि तिने विचारलं होतं, भाकरी किती खाणार तेवढं सांगा? अगदी त्याच आवाजात ती बोलत होती. म्हणाली, “यवढं रविवार झालं, तू धड जेवला न्हाईस. घरातलं माणूस रुसलं तर कुणीतरी जाऊन आणाय लागतंय. तू जातूस, का मी जाऊ?” मी कसंबसं म्हणालो की त्याने येऊ नको म्हणून लिहिलंय, त्याचं मन विटलंय, मिशी काढून बसलाय. त्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मेंढरू कातरलं म्हणून कुणी कळपातनं काढतंय व्हय रं?” मी म्हणालो, आणि गाव? “गावाचं मी बघते,” म्हणाली आणि उठून गेली. काल सकाळी बघतो तर शेडच्या दोरीवर एक कोरं घोंगडं उन्हात घातलेलं. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

तेव्हा कळवायचं ते एवढंच, की आक्का गुरुवारी पहिल्या गाडीने मिरजेला येते आहे, तुझ्या दवाखान्यात. जोतिबाला तिने जागा धरायला सांगून ठेवलंय. गुडघ्याचा फोटो काढायचाय म्हणते, आणि गुडघा खरंच दुखतो, तेव्हा तो नीट काढ. पण फोटो झाला तरी ती उठायची नाही, आणि तिच्या काखेत ते घोंगडं असेल. नाही म्हणायचं असेल तर तिला म्हण, मला तुझं ‘नाही’ ऐकवणार नाही. मला तू हवा आहेस, मिशीसकट किंवा मिशीवाचून, लिहिणारा किंवा न लिहिणारा, पण या घरात, आणि रविवारपुरता नव्हे. तिला बघून मागच्या दाराने पळू नकोस. तुझ्यासाठी आमचं पुढचं दार आहे. ती खोलीत शिरली की दिवसभर पेशंटना जे सांगतोस तेच एकदा स्वतःला सांग. श्वास घ्या, धरून ठेवा, अजिबात हलू नका.

तुझाच,
नाथा